विद्यापीठाच्या सगळ्या वेबसाइट्स एका वळणावर आणायच्या तर तीन वाटा

गेल्या ऑगस्टात आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गुहागर तालुक्यातली एक मुलगी आली. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख तिने विभागाच्या वेबसाइटवर पाहिली होती, १८. परीक्षा विभागाच्या वेबसाइटवर मात्र सुधारित परिपत्रक लागलं होतं आणि त्यात १४ होती. एकच विद्यापीठ, दोन वेबसाइट्स. तीच गोष्ट एकीकडे 'परिपत्रके'खाली, दुसरीकडे 'न्यूज'खाली. तिने मोबाइल पुढे केला तर आडवं स्कॅन केलेलं पीडीएफ, आणि गोल शिक्का नेमका तारखेवर. लेट फी भरून काम झालं. ती तिने का भरावी, हे मला सांगता आलं नाही.

मंडणगडापासून दोडामार्गापर्यंतच्या मुलांना विद्यापीठाची खिडकी जवळ नाही. वेबसाइट हीच खिडकी. त्यात पावसाळ्यात लाइट जाते, रेंज येते-जाते, एक पान उघडलं तर उघडलं. म्हणून तुम्ही वेबसाइट सुधारणा समितीवर असाल, तर समोर येणारे तीन प्रस्ताव त्या मुलीच्या मोबाइलवरून पाहा.

पहिला प्रस्ताव असतो सगळ्यांना एकाच मंचावर आणण्याचा. सॉफ्टवेअर एकच बसवायचं आणि त्यातच प्रत्येक विभागाला आपली साइट द्यायची. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मल्टिसाइटची सोय २०१० पासून मुळातच आहे, तशाच ड्रुपल या सॉफ्टवेअरवरही असं करता येतं. मेन्यू, शीर्षपट्टी, शोध, फॉन्ट मध्यवर्ती ठरतात. विभागाचा क्लार्क फक्त मजकूर भरतो. सुरक्षेचे अपडेट एकदाच करावे लागतात, आणि ज्या विभागात संगणकाचा जाणकार नाही त्याला हा मोठाच आधार. दुखणंही तिथेच आहे. सर्व्हर बसला की सगळेच बसतात. एखादं बिघडलेलं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, सगळ्यांना गोत्यात आणतं. जुना मजकूर हलवताना हजारो पानं तपासावी लागतात, आणि 'आमची साइट आमच्या हातून गेली' म्हणून विभागप्रमुख नाराज होतात, ते वेगळंच.

दुसरा प्रस्ताव सामायिक संचाचा. बटणं, तक्ते, फॉर्म, नोटिशीचा साचा, रंग, फॉन्ट एकदा तयार करायचे आणि प्रत्येकाने आपापल्या साइटवर वापरायचे. स्वतंत्र कारभार असलेल्यांना हे पटतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा पसारा डोळ्यांपुढे आणा: स्थापना १९७२ची, मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत शिरगावला, नारळ संशोधन भाट्याला, भात कर्जतला, फळं वेंगुर्ल्याला. अशा पसाऱ्यात रोपं न्यायला येणारा बागायतदार आणि प्रवेशाची माहिती शोधणारा विद्यार्थी यांना एकच पान पुरत नाही. संच दोघांनाही सामावून घेतो. पण तो वापरायला प्रत्येक ठिकाणी डेव्हलपर लागतो. दोन वर्षांनी एक विभाग नव्या आवृत्तीवर, दुसरा जुन्यावर, तिसऱ्याचा डेव्हलपर नोकरी सोडून गेलेला, असं झालं की एकसारखेपणा कागदावरच उरतो.

तिसरा प्रस्ताव फक्त दर्शनी भाग सुधारण्याचा: मुख्य पान नवं आणि त्यावर चांगला शोध. काम लवकर होतं, खर्च कमी, उद्घाटनाला बरं दिसतं. पण त्या मुलीने पहिली क्लिक केली की ती परत जुन्या घरात.

तिन्हींच्या बैठकांत रंग आणि लोगो यांवर तास जातो. मला विचाराल तर नोटीस कशी लागते यावरून निवड करा. नोटीस पीडीएफ नव्हे, साध्या मजकुराचं पान हवी. वर मोठ्या अक्षरात शेवटची तारीख, खाली कोणासाठी, कोणी काढली, आणि आधीची रद्द केली असेल तर त्या जुन्या पानावरही 'सुधारित' असा ठळक शिक्का. सहीचं पीडीएफ खाली जोडा. मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. जुन्या फॉन्टात केलेल्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की अगम्य चिन्हं निघतात, त्यामुळे 'परीक्षा शुल्क' असं शोधलं तरी ते पान सापडत नाही. स्कॅन तर नुसतं चित्र. डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्या विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, तिथे मुका होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि सरकारी वेबसाइट्ससाठीची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं हेच मागतात, म्हणजे ही सोय कोणाची मेहेरबानी नाही.

ही कसोटी लावली तर विभाग, वसतिगृह, ग्रंथालय, क्रीडा, उपकेंद्रं यांच्यासाठी मी पहिला प्रस्ताव घेईन. नोटिशीचा साचा तिथे मोडताच येत नाही. तारखेचा रकाना रिकामा ठेवला तर पान प्रसिद्धच होऊ नये, असं सॉफ्टवेअरमध्येच बांधता येतं. निकाल आणि प्रवेशाची बाहेरच्या एजन्सीने चालवलेली पोर्टल्स मात्र त्या मंचावर ओढत बसू नका. त्यांच्या करारात सामायिक संच वापरण्याची अट घाला. पुढच्या नूतनीकरणाला ती लागू होईल. तिसरा प्रस्ताव वाया घालवू नका, पहिल्या तिमाहीचं काम म्हणून तो उत्तम आहे, कारण शोध सुधारला की मुलांना निदान तेवढा दिलासा लगेच मिळतो.

माणूसबळाचं आधी ठरवा. प्रत्येक विभागात नाव लिहून दिलेला एक जबाबदार कर्मचारी हवा, आणि तो रजेवर असेल तर दुसरा. हे ठरणार नसेल, तर तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी सहा महिन्यांनी मुख्य पानावर मागच्या वर्षीचं वेळापत्रक झळकत राहील.

निविदा काढण्याआधी पाच विद्यार्थी बोलवा. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की एवढ्यांवरच्या चाचणीतही बहुतेक अडचणी उघड होतात. या विद्यार्थ्यांना वाय-फाय देऊ नका, आपापल्या मोबाइलवर आपल्याच डेटावर बसू द्या. 'एटीकेटीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सांग' एवढंच विचारा आणि मागे उभे राहून काही न बोलता पाहा. कुठे बोट थांबतं, कुठे दोन बोटांनी पीडीएफ मोठं करावं लागतं, कुठे ते मित्रमैत्रिणीला फोन लावतात, ते लिहून घ्या. तीच यादी निविदेला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा.