आजोबांची थ्री-फिफ्टीन : आठ महिने काडतुसांच्या आणि मॅगझीनच्या मागे

आजोबांची रायफल माझ्या परवान्यावर चढली त्याला आता आठ महिने झाले. रायफलीची तक्रार नाही. नळी आतून आरशासारखी आहे, काडतूस आत ढकलणारा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. पण तिच्यात घालायचं काय आणि ते कशात भरायचं (म्हणजे मॅगझीन, रायफलीच्या पोटाखालची काडतुसांची पेटी), या दोन प्रश्नांनी माझे सहा महिने खाल्ले. घरात अशी जुनी रायफल असेल आणि वारस म्हणून ती आपल्या नावावर करायचा विचार चालू असेल, तर हे आधी वाचून घ्या.

रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची आहे, .315 बोअरची, म्हणजेच थ्री-फिफ्टीन. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास. घडण मात्र पक्की लष्करी. ज्या ली-एनफिल्डला आपण थ्री नॉट थ्री म्हणतो, तिचंच हे भावंड. इंग्रजांना सैन्याचं काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं, म्हणून खाजगी वापरासाठी त्याच धाटणीच्या रायफली वेगळ्या बोअरमध्ये बनल्या. .315 इंच म्हणजे 8 मिलिमीटर. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर रायफलीचं, पुंगळी (गोळी आणि दारू धरणारं धातूचं नळकांडं) 50 मिलिमीटर लांब. तिकडच्या सैन्यातून ते कधीच गेलं, आपल्याकडे शेतकऱ्याच्या आणि बँकेच्या सुरक्षारक्षकाच्या खांद्यावर टिकून राहिलं. थ्री नॉट थ्री आजही निषिद्ध बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही; थ्री-फिफ्टीन तसा नाही. सगळा फरक इथे आहे, आणि अडचणही इथूनच सुरू होते. जगभर थ्री नॉट थ्रीचं सामान आहे, थ्री-फिफ्टीनचं जवळपास फक्त आपल्या देशात.

आजोबा गेल्यावर रायफल दीड वर्ष बंदुकांच्या दुकानात जमा होती. सोबत पत्र्याच्या डब्यात चौदा काडतुसं. परवाना माझ्या नावावर झाला त्या दिवशी मी नागपूरच्या सीताबर्डीहून रिकाम्या हातानेच परतलो, कारण दुकानदार म्हणाला, "भाऊ, बारा बोअरचे पायजे तितके घेऊन जा. थ्री-फिफ्टीनचा माल संपला जी. आला का फोन करतो." फोन अडीच महिन्यांनी आला. तोवर मी दर पंधरा दिवसांनी चक्कर मारत होतो. चक्कर मारावीच लागते. माल येतो तेव्हा थोडा येतो आणि आधीपासून नंबर लावलेले चौघे-पाचजण तो उचलून नेतात. सरकारी कारखान्यांचं 1 ऑक्टोबर 2021 ला सात कंपन्यांत विभाजन झालं. रायफल एका कंपनीकडे गेली, दारूगोळा दुसरीकडे. दुकानदार म्हणतो, आता चौकशी दोन ठिकाणी करावी लागते.

परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे छापलेलं असतं. तो आकडा नीट पहा. माझ्या आधीच्या कागदावर तो आजोबांच्या गरजेचा होता. नेमबाजीच्या रेंजवर सराव करायचा तर तेवढ्यात भागत नाही, आणि वाढवून घ्यायला वेगळा अर्ज लागतो. शहरात राहणाऱ्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे. मी अर्जात रेंजच्या सरावाचं कारण स्पष्ट लिहिलं, मग अडचण आली नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, हा एक मोठा दिलासा.

आता त्या चौदा काडतुसांबद्दल. डबा दुकानात जमा होण्याआधी काटोलच्या वाड्यातल्या माळ्यावर वर्षानुवर्षं राहिलेला. आमच्याकडे मे महिन्यात टिनाखाली काय तापतं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, आणि लगेच जूनमध्ये त्याच माळ्यावर ओल. पाच काडतुसांच्या मानेवर हिरवा कळक चढला होता, नखानं खरवडला तर पावडर निघत होती. ती पाच मी वापरलीच नाहीत. उरलेली नऊ रेंजवर नेली. सात वाजली. आठव्याला पिन बसल्याचा टक असा आवाज आला, बाकी काही नाही. इथे घाई करून बोल्ट उघडू नका. काडतुसाच्या बुडाची टोपी, जिच्यावर पिन आदळते, ती उशिरा पेटू शकते. नळी निशाण्याकडेच ठेवून मी पूर्ण एक मिनिट मोजलं, मग बोल्ट ओढला. टोपीवर खोलगट खड्डा होता, म्हणजे पिनची काही चूक नव्हती. नववंही तसंच निघालं. ती दोन आणि कळकलेली पाच, अशी सात काडतुसं ठाण्यात जमा केली, पोच घेतली आणि हिशोबात नोंद करून घेतली. असला माल घरात ठेवू नका आणि कुणाला देऊही नका.

त्याच दिवशी घरी आल्यावर नळी धुतली. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत मीठ उरतं, आणि तेलात मीठ विरघळत नाही. नुसतं तेल लावून ठेवलं तर श्रावणात आठ दिवसांत आत लाल ठिपके दिसतील. आधी उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल, हाच क्रम. जुनं काडतूस क्लोरेटचंच आहे असं धरून चालायचं.

सगळ्यात जास्त जीव मॅगझीननं घेतला. बोलताना सगळेजण त्याला क्लिप म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. क्लिप ही पाच काडतुसं धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. मानलिखरच्या रायफलीत ती काडतुसांसकट आत जायची आणि रिकामी झाली की खालच्या भोकातून पडायची. ली-एनफिल्डला ती वर खाचेत टेकवून अंगठ्यानं पाचही काडतुसं खाली दाबायची, पट्टी बाहेरच. आजोबांच्या पेटीत अशी एक थ्री नॉट थ्रीची पट्टी सापडली तेव्हा मला वाटलं, हीच आपली. पण माझ्या रायफलीवर पट्टी टेकवायची खाचच नाही. दुकानदाराला दाखवल्यावर त्यानं बोअर सांगितला, मग ती पट्टीही ठाण्यात जमा केली. आपल्या रायफलीला एकेक काडतूसच भरायचं असतं.

तेही कसंही नाही. या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढेच हवी. मागे गेली की बोल्ट ढकलताना वरचं काडतूस खालच्याला सोबत ओढतं आणि दोन्ही अडकतात. पहिल्या दिवशी माझं तिसरं काडतूस असंच अडकलं. आता प्रत्येक काडतूस भरताना बोटानं कड चाचपतो, मगच पुढचं.

कड जागेवर असूनही चौथं काडतूस वर येईना, बोल्ट त्याच्या डोक्यावरून जाई. मॅगझीनची स्प्रिंग दमली होती आणि तोंडाशी काडतूस धरून ठेवणारा एक ओठ किंचित आत दबलेला. परवानाधारक कारागिरानं ओठ सरळ केला. स्प्रिंग मात्र मिळेना. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्यानं आगाऊ पैसे घेऊन पूर्ण मॅगझीन पाठवलं. ते खटक्यात बसलंच नाही, हललं की खुळखुळायचं. परत घेतो म्हणाला, घेतलं नाही. थ्री नॉट थ्रीचं दहा गोळ्यांचं लावून बघ असं सुचवणारेही भेटले. ते निषिद्ध बोअरचं सामान, त्या वाटेला गेलो नाही.

शेवटी पाचव्या महिन्यात आपल्याच दुकानदारानं एका जुन्या गिऱ्हाइकाकडून आलेलं मॅगझीन काढून दिलं. या घराण्यातल्या मॅगझीना एकमेकींना सहसा जशाच्या तशा चालत नाहीत, हातानं बसवाव्या लागतात. कारागिरानं माझ्यासमोर रिकाम्या पुंगळ्यांवर तासभर घालवला. ओठ जरा उघडायचा, पाच पुंगळ्या भरायच्या, बोल्ट चालवायचा, पुन्हा ओठ. पाचही सलग चढल्या तेव्हा म्हणाला, "आता हिले हात नका लावू." नाही लावला. त्यानंतर तीस काडतुसांत एकदाही अडकलं नाही.

नवा माल आजोबांच्या काडतुसांपेक्षा बराच एकसारखा निघाला. मात्र डब्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवून ठेवा. दोन वेगळ्या लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर माझ्याकडे चार बोटं वरखाली लागल्या. शेतात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आहेत, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर ती उचलायची नाही, हे मी घरातही सगळ्यांना बजावून ठेवलंय.

सध्या आचारसंहितेमुळे रायफल पुन्हा जमा आहे. जमा करताना पावतीवर मॅगझीन एक आणि काडतुसं अकरा असं वेगवेगळं लिहून घेतलं. पहिल्या वेळी नुसतं 'रायफल एक' लिहिलं होतं आणि परत घेताना मॅगझीनसाठी दोन फेऱ्या पडल्या. मतमोजणी झाली की आधी दुकानात जाणार आहे. मागच्याच लॉटचा एक डबा त्यानं माझ्या नावावर बाजूला ठेवलाय.