जुना स्टॉक म्हणून बोगस टेपर बेअरिंग विकतायत, जुन्या गाडीवाल्यांनी वाचा

माझी ट्रॅकसाठी तयार केलेली स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासला १९६१ पासून बनायची ती. पुढच्या चाकांत टेपर रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरवर चाक फिरतं ती), प्रत्येक हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, आत मोठं आणि बाहेर लहान, चारही बदलायची होती. पुण्यात नाना पेठेत एका दुकानात (नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको) शेठ म्हणाला, "साहेब, युरोपचा जुना स्टॉक आहे, असा माल आता येत नाही." पिवळट पडलेला बॉक्स, आत तेलकट कागद, बेअरिंगवर नंबर खोदलेला, पैसे मात्र नेहमीच्या मालाच्या तिप्पट. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल" म्हणत कच्ची चिठ्ठी दिली, पैसे यूपीआयने घेतले.

आमच्या मिस्तरींनी व्यवस्थित बसवलं. हब हाताने फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सैल करायचा, आणि नट अडकवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर सैल बाजूलाच जुळवायचं, कारण टेपर बेअरिंगला थोडा प्ले (मोकळीक) लागतोच, नाहीतर ते तापून जळतं. डायल गेजने मोजून प्ले ०.०५ मिमी ठेवला. दिवे घाट चढून सासवडला जाऊन आलो तर उजवं चाक हाताने डुगडुगतंय आणि हबला हात लावला तर चटका.

दुकानात गेलो तर उत्तर तयारच होतं, "तुमच्या मिस्तरीने टाईट केलं असणार." हीच यांची ढाल असते बघा, ग्रीस भरून गाडी एकदा चालली की सगळा दोष अ‍ॅडजस्टमेंटवर ढकलता येतो, आणि ती तर आपणच केलेली असते.

मग सगळी केरोसिनने धुतली. आतली दोन वापरलेलीच, पॉलिश मारलेली, तिरप्या उजेडात धरलं की नव्या नंबरखाली घासलेल्या जुन्या नंबरची पुसट रेघ दिसते. बाहेरची दोन तर त्याहून भारी, कपवर (बाहेरच्या रिंगवर) कानस फिरवली तर सरळ चरा पडला! बेअरिंगचं स्टील साधारण कडकपणाच्या रॉकवेल मापात ६० च्या आसपास असतं, त्यावरून कानस नुसती घसरते.

तर घेताना, ग्रीस लागायच्या आधी, दुकानातच माप घ्यायला व्हर्नियर काढा, शेठ तोंड वाकडं करेल, करू दे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बरीचशी बेअरिंग इंची मापाची असतात आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) नि कपचे नंबर वेगवेगळे. उदाहरणार्थ एलएम ११९४९ कोनला एलएम ११९१० कप, भोक १९.०५ मिमी म्हणजे पाऊण इंच, कपचा बाहेरचा व्यास ४५.२३७. "१९ चं बसतंय की" म्हणणाऱ्याकडून काही घेऊच नका. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर बॉक्सचे नि बेअरिंगचे फोटो पाठवून तपासून घेता येतं, त्यांचा कारखाना तर इथे चिंचवडलाच आहे. आणि बिल पक्कंच, त्यावर दोन्ही नंबर लिहून घ्यायचे.

पैसे अजून मिळाले नाहीत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीय, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि कच्ची चिठ्ठी जोडून. शेठ आता फोन उचलत नाही. खोटी बेअरिंग मी जपून ठेवलीत, कोणाला घासलेला नंबर कसा दिसतो ते बघायचं असेल तर रविवारी कोथरूडला या.