प्रशिक्षणाची वही: अकरा महिने वापरून

मी अमळनेरला राहते. २००९ पासून आयुर्विम्याची एजंट आहे, पुढे आरोग्य विम्याच्या कंपनीचंही काम घेतलं. फेब्रुवारी २०२५ पासून मी जे जे प्रशिक्षण घेते, जे परिपत्रक वाचते, त्याची नोंद मोबाइलमधल्या एका तक्त्यात ठेवते आणि तीच नोंद एका लांब वहीतही उतरवते. तक्ता फुकटचा आहे, वही साठ रुपयांची. अकरा महिने झाले. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणी विचारतात की एवढं लिहून ठेवून काय मिळतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे का करावं लागतं ते सांगते. मी एजन्सी घेतली तेव्हा जळगावला जाऊन ५० तासांचा वर्ग करावा लागला होता. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. परीक्षा पास झाल्यावर लायसन्स मिळालं ते तीन वर्षांचं. २०१२ ला ते संपत आलं तेव्हा पुन्हा २५ तासांचं प्रशिक्षण केलं, मग नूतनीकरण झालं. लायसन्सवर तारीख छापलेलीच असायची, त्यामुळे विसरायचा प्रश्न नव्हता. २०१५ ला विमा कायदा बदलला आणि १ एप्रिल २०१६ पासून एजंटच्या नेमणुकीचे नवे नियम आले. लायसन्स गेलं, नेमणूक कंपनी करू लागली आणि दर तीन वर्षांची ती २५ तासांची अटही गेली. प्रशिक्षण आता कंपन्या आपापल्या परीने देतात. एक एजंट एका आयुर्विमा कंपनीचं, एका सर्वसाधारण विमा कंपनीचं आणि एका आरोग्य विमा कंपनीचं काम करू शकतो. माझ्याकडे दोन आहेत. दोन्हींची अॅप वेगळी, वर्ग वेगळे, प्रमाणपत्रं वेगळी. मी एकूण काय शिकले याचा एकत्र हिशेब दोघींपैकी कुणाकडेच नाही.

तारीख नाही म्हणून घाई नाही, आणि घाई नाही म्हणून परिपत्रकं व्हॉट्सअॅपवर साचत जातात. माझ्या बाबतीत याची किंमत एका शेतकऱ्याने भरली.

पारोळ्याकडचे एक आप्पा आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कापसाचे पैसे हातात होते म्हणून त्यांनी वर्षाला ३०,००० हप्त्याची पॉलिसी घेतली. कागद त्यांच्या हातात पडले २८ एप्रिलला. मग आखाजी (अक्षय तृतीया) आली, लेक माहेरी आली, तिच्या लहान बहिणीचं लग्न जुळायला आलं आणि पैशांची गरज उभी राहिली. आप्पा १६ मे रोजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, पॉलिसी परत करता येईल का? मी म्हटलं, आप्पा, पंधरा दिवसांत यायला हवं होतं, आता तीन दिवस उलटून गेले. ते काही न बोलता चहा पिऊन गेले.

नियम बदललेला होता. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक, म्हणजे पॉलिसी नको असेल तर परत करायची मुदत, मिळतो. आप्पांकडे बारा दिवस शिल्लक होते. ते परिपत्रक एप्रिलपासून माझ्या फोनमध्ये पडून होतं. जुलैमध्ये एका वर्गात ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. मी कंपनीला पत्र लिहिलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं, पण मुदतीत लेखी अर्ज आलेला नव्हता म्हणून काही झालं नाही. दुसरा हप्ता आप्पांना भरता आला नाही. एकच हप्ता भरलेला असल्यामुळे त्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे सरेंडरचं, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारं, काही हाती आलं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा हप्ता भरलेल्यालाही, वर्ष पूर्ण झाल्यावर, विशेष सरेंडर मूल्य मिळावं असा नियम झाला, पण तो त्यानंतर विकलेल्या पॉलिसींना. मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या ताई, गयात त्या पैसा." ते वाक्य मी विसरलेले नाही.

२०२४ च्या हिवाळ्यात माझी आतेबहीण कॅलिफोर्नियाहून आली होती. तीही विमा एजंट आहे. तिच्याकडे दर दोन वर्षांत २४ तासांचं शिक्षण सक्तीचं, त्यातले ३ तास नीतिमत्तेचे. वर्ग घेणारी संस्थाच तास तिथल्या विमा खात्याला कळवते. आपल्याकडे कुणी मागत नाही, म्हणून मी तिचाच आकडा स्वतःला लावून घेतला, दोन वर्षांत २४ तास आणि त्यातले ३ नीतिमत्तेचे. संक्रांतीनंतर तक्ता बनवला.

सुरुवातीला रकाने साधे होते. तारीख, विषय, कुणी घेतलं, किती तास, प्रमाणपत्र मिळालं का. दोन महिन्यांत अकरा ओळी भरल्या आणि एकूण तास बघायला गेले तर शून्य. मी आकडे मराठीत टाकले होते, माझ्या तक्त्याने ते अक्षरं समजून सोडून दिले. सगळे तास इंग्रजी आकड्यांत पुन्हा टाकावे लागले. तारखांचाही असाच घोळ झाला. ५ जूनचा वर्ग मी ५/६ असा लिहिला, तक्त्याने तो ६ मे केला. सेटिंगमध्ये देश भारत निवडल्यावर हे थांबलं, पण आधीच्या ओळी हाताने दुरुस्त केल्या. नवीन माणसाने हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं, म्हणजे माझ्यासारखे दोन रविवार जाणार नाहीत.

वही ठेवायचं कारण वीज आणि रेंज. तापीकाठच्या गावांत गेलं की फोनला रेंज असेल याचा भरवसा नसतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत फोन तापून आपोआप बंद पडतो. वही पिशवीत असते. रात्री घरी आल्यावर तक्त्यात उतरवते.

प्रमाणपत्रांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आधी मी फक्त लिंक जपून ठेवायचे. जूनमध्ये एका कंपनीचं प्रशिक्षणाचं पोर्टल बदललं आणि जुन्या लिंका उघडेनाशा झाल्या. चार प्रमाणपत्रं परत मिळालीच नाहीत. आता वर्ग संपला की त्याच मिनिटाला पीडीएफ उतरवून घेते, फाइलला तारीख आणि विषय असं नाव देते आणि स्वतःलाच ईमेल करते. उतरवलेल्या फाइलला नाव नीट दिलं नाही तर सहा महिन्यांनी सगळ्या प्रमाणपत्रांची नावं सारखीच दिसतात आणि एकेक उघडून बघत बसावं लागतं.

तरीही एप्रिलपर्यंत मला हे सगळं कोरडंच वाटत होतं. तास वाढत होते, पण आप्पांसारखा माणूस उद्या दारात आला तर मी वेगळं काय सांगणार होते? मग मी तीन रकाने वाढवले. काय बदललं, ते एका ओळीत, स्वतःच्या शब्दांत. कुणाला लागू. कुणाला सांगितलं, तारखेसह. त्या दिवसापासून हा तक्ता खरा उपयोगाला आला. पहिला रकाना भरायला बसलं की कळतं आपण वर्गात खरंच ऐकत होतो का. एका ओळीत लिहिता आलं नाही तर मी त्या वर्गाचे तास मोजत नाही, पुन्हा परिपत्रक काढून वाचते.

आरोग्य विम्याचं उदाहरण देते. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांचा क्लेम न मिळण्याचा काळ, जास्तीत जास्त ३ वर्षांची, पूर्वी ती ४ होती. आणि सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पूर्वी त्याला ८ वर्षं लागायची. हे मला ऐकून माहीत होतं. पण "कुणाला लागू" हा रकाना भरताना यादी काढली तर शुगर आणि बीपी असलेले माझे तेवीस ग्राहक निघाले, आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिकांना मी जुनी चार वर्षंच सांगितलेली होती. एकेकाला फोन केले. दोन जण तर पॉलिसी बंद करायच्या विचारात होते, कारण "चार वर्षं काहीच मिळत नाही" असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं, आणि ते मीच बसवलेलं होतं.

खरी कसोटी सप्टेंबरमध्ये लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. बातमी आली त्या संध्याकाळपासून फोन थांबेना. ज्यांच्या आरोग्य पॉलिसीचं नूतनीकरण सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत होतं ते सगळे म्हणत होते, ताई, थांबूया, कर वाचेल. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात भरलं तर पॉलिसी सलग धरली जाते हे खरं. पण मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्याचा क्लेम मिळत नाही. हे कुणीच त्यांना सांगत नव्हतं. मी तक्त्यात गाळणी (फिल्टर) लावली, त्या तारखांमधले नऊ जण निघाले, दोन दिवसांत मी नऊही जणांच्या घरी जाऊन आले. प्रत्येकाला दोन्ही बाजू सांगितल्या, कर किती वाचेल तो आकडा कागदावर काढून दिला आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं. सहा जणांनी वेळेवर भरलं. तिघांनी थांबायचं ठरवलं, त्यांच्या नावापुढे मी "समजावून सांगितलं" असं लिहून तारीख टाकली. हा तक्ता नसता तर मी फोन आला त्याला उत्तर दिलं असतं आणि ज्यांनी फोन केलाच नाही ते राहून गेले असते.

नीतिमत्तेच्या तासांसाठी कंपन्यांच्या अॅपवर मला फारसं सापडलं नाही. म्हणून २०१६ च्या नियमांमधली एजंटची आचारसंहिता काढली आणि इथल्या तिघी एजंट मैत्रिणींसोबत बसून वाचली. आमच्याकडे "पहिला हप्ता तुम्हीच भरा" असं म्हणणारा ग्राहक आठवड्याला एक तरी भेटतो, आणि भरणारे एजंटही आहेत. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार कमिशनमधून अशी सूट देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे, दंड १० लाखांपर्यंत. सूट घेणाऱ्यालाही हे लागू आहे हे आमच्यापैकी दोघींना माहीत नव्हतं. आता मी ग्राहकाला तो मजकूर दाखवते. काही जण रागावून दुसरीकडे जातात, जाऊ देत.

उणिवाही सांगते. हा तक्ता आठवण करून देत नाही, त्यासाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये वेगळी नोंद करावी लागते. ग्राहकांची आजारपणाची माहिती त्यात असल्यामुळे फोनला आणि फाइलला कुलूप हवंच, आणि मी तो तक्ता कुणालाच पाठवत नाही, मैत्रिणींना कोरा नमुना देते. वर्गाचा विषय महत्त्वाचा नसेल, नुसता नव्या योजनेच्या विक्रीचा असेल, तर तास मोजायचे की नाही हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. सध्या अर्धे मोजते. आणि वेळ जातो. दर रविवारी सकाळी पाऊण तास. दिवाळीच्या महिन्यात दोन रविवार चुकले, ते भरून काढताना वर्गात काय ऐकलं होतं ते आठवेना.

ज्याच्याकडे एकाच कंपनीचं काम आणि पन्नासेक ग्राहक आहेत त्याने नुसती वही ठेवली तरी चालेल. दोन-तीन कंपन्या असतील तर तक्ता हवाच.

आप्पांच्या मुलाने नोव्हेंबरमध्ये माझ्याकडूनच आरोग्य विमा घेतला. कागद दिले तेव्हा ३० दिवस कधी संपतात ती तारीख मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. हे आता प्रत्येक पॉलिसीला करते आणि वहीतही तीच तारीख असते.

आजचा आकडा साडेसतरा तास. नऊ आयुर्विम्याचे, सहा आरोग्याचे, अडीच स्वतःच्या वाचनाचे, त्यातला दीड नीतिमत्तेचा. साडेसहा बाकी आहेत, वर्षभर हातात आहे. भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट परीक्षेचा एक पेपर झाला आहे. तिथे ६० क्रेडिट पॉइंट पूर्ण करावे लागतात, त्याच्यासाठी वहीच्या मागच्या बाजूने वेगळी पानं सुरू केली आहेत.