सुपर सिस्टम वाचून कोणी टॉपचा प्लेयर होतो का?

अमेरिकन पोकर प्लेयर डॉयल ब्रन्सनचं पोकरवरचं पुस्तक ‘सुपर सिस्टम’ एकदाचं संपवलं. ठोकळा आहे नुसता, 600 पानांच्या आसपास, झोपून वाचायला गेलात तर नाकावर पडेल. 5 पैकी 3 स्टार, त्यातला एक निव्वळ म्हाताऱ्याच्या गप्पांना.

घेतलं होतं एकाच प्रश्नासाठी, की टॉपचे पोकर प्लेयर खरंच पुस्तकं वाचून शिकतात का. आता ब्रन्सनचंच बघा, 1976 आणि 1977 असं लागोपाठ दोनदा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचं मेन इव्हेंट (मुख्य टूर्नामेंट) मारलं, दोन्ही वेळा शेवटच्या हाताला दश्शी-दुर्री होती (कुठले पत्ते खेळावे हे सांगणारा कुठलाही तक्ता हा हात फेकाच म्हणेल!), आणि तो शिकला कुठे तर अमरिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स या जोडीदार प्लेयर्सबरोबर टेक्सासभर गाड्या पळवत, हरत, जिंकत, एकमेकांशी वाद घालत. पुस्तक नंतर आलं. आणि आल्यावर काय झालं तर समोरचे लोक तेच वाचून त्याच्याशीच खेळायला लागले, हे लिहून आपलंच नुकसान झालं असं त्याने स्वतः नंतर बोलून दाखवलंय.

माझ्या मते गोम इथेच आहे. त्याची मेन आयडिया म्हणजे आधी रेज केलंय (बेट वाढवलीय) ना मग फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांवर) काही लागो न लागो, बेट टाकायचीच, समोरच्याला सारखं टेन्शनमधे ठेवायचं. हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा सोनं होतं, आज समोरचा ते ओळखून सरळ वरून रेज मारतो आणि आपण हात चोळत बसतो. छोटे सलग सेम रंगाचे पत्ते खेळायचा सल्ला पण समोर ढीगभर चिप्स असतील तरच ठीक, टूर्नामेंटमधे 20 ब्लाइंड (दर डावाला सक्तीने टाकायच्या रकमेच्या 20 पट चिप्स) उरलेत आणि छक्की-सत्ती घेऊन हिरोगिरी केलीत तर घरी जाल.

न शिळं होणारी गोष्ट म्हणजे हिशोब. पॉट (मधे जमलेले पैसे) 100, समोरच्याने 50 टाकले, म्हणजे तुम्ही 50 देऊन 150 साठी खेळताय, 25 टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. टर्नवर (चौथा पत्ता उघडल्यावर) फ्लश ड्रॉ असेल, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते व्हायला एकच कमी असेल, तर 46 पैकी 9 पत्ते कामाचे, 20 टक्के पण होत नाही, पुढे अजून पैसे निघणार नसतील तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून द्या. एवढं कुठल्याही चांगल्या पुस्तकातून येतं आणि टॉपवाल्यांनी पण कधीतरी असंच कुठूनतरी उचललेलं असतं, पण त्यानंतर ते आपलेच खेळलेले डाव परत काढून बघतात, मित्रांशी भांडतात, आणि आता सॉल्व्हरसमोर (योग्य चाल काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर) तासन् तास बसतात. 2017 मधे लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामने चार तगड्या प्रोंना 1,20,000 हातांत धुतलं, तो स्वतःशीच खेळून शिकला होता, आणि त्याच्या पॉटपेक्षा मोठ्या बेट बघून उलट माणसंच त्याच्याकडून शिकली.

तरी घ्यायचंच असेल तर ब्रन्सनचं नो लिमिट (बेटला मर्यादा नसलेला प्रकार) प्रकरण आधी वाचा, त्यातलंच चिप रीस या प्लेयरने लिहिलेलं सेव्हन कार्ड स्टडवालं (पोकरचा आणखी एक प्रकार) पण मस्त आहे. लोबॉल आणि ड्रॉ पोकर या जुन्या प्रकारांची पानं मी चाळून सोडली, खेळतंय कोण आता ते.