मदा मस्र: कैरोत बसून कैरोची बातमी व्हीपीएन लावून वाचायची

आधीच सांगतो, मी काय पत्रकार बित्रकार नाही. कंपनीच्या कामानं 2023 ते 24 कैरोत, दोक्कीला राहिलो, आणि तिथं असताना जी एक न्यूज साइट रोज वाचायचो तिचा हा रिव्ह्यू. मदा मस्र. 'मदा' म्हणजे अरबीत पल्ला, आवाका असं काहीतरी, आणि मस्र म्हणजे इजिप्त. अरबी आणि इंग्लिश दोन्हीत निघते, मला अरबी भाजी घेण्यापुरतीच येते म्हणून मी इंग्लिशवाला.

आता मजा अशी की ही साइट कैरोत बनते आणि कैरोत उघडत नाही. 24 मे 2017 ला सरकारनं एका फटक्यात 21 साइट बंद केल्या, त्यात ही पण, आणि आजपर्यंत बंदच. पेज नुसतं फिरत राहतं, कुठं 'बंदी आहे' अशी पाटी पण नाही, मला पहिले दोन दिवस वाटलं माझंच वायफाय गंडलंय. मग ऑफिसमधल्या पोरानं हळूच सांगितलं व्हीपीएन टाक, म्हणजे बंदी चुकवून साइट उघडणारं ॲप. त्यात अजून एक गंमत बघा, ऑक्टोबर 2023 ला गाझाच्या लोकांना सिनाईत, म्हणजे गाझाला लागून असलेल्या इजिप्तच्या भागात, ढकलण्याबद्दलच्या बातमीवरून तिथल्या मीडिया कौन्सिलनं ठरवलं की ही साइट सहा महिने ब्लॉक करायची. अरे पण ती सहा वर्षं ब्लॉकच आहे ना बाबा! लायसन नाही हे एक कारण दिलं, आणि लायसनसाठी ह्यांनी 2018 चा कायदा आल्या आल्या अर्ज केलाय, त्याचं उत्तरच कोणी देत नाही. त्याच कायद्यात अजून एक भारी कलम आहे, 5000 च्या वर फॉलोअर असलेलं साधं पर्सनल अकाउंट पण मीडिया धरतात आणि बंद करू शकतात.

मी ह्या साइटच्या नादी कसा लागलो तर आमच्या बिल्डिंगच्या बव्वाबमुळं. बव्वाब म्हणजे वॉचमन, पण वॉचमनच्या वर, कोण कधी आलं कोण कधी गेलं सगळं त्याला पाठ. त्याच्या खोलीत दिवसभर टीव्ही, आणि तो चॅनेल बदलत राहायचा आणि सगळीकडं तेच, तोच पूल, तेच उद्घाटन, सेम टू सेम शब्द. मला वाटायचं योगायोग. मग मदावर होसाम बहगत नावाच्या पत्रकाराचा डिसेंबर 2017 चा जुना लेख सापडला आणि ट्यूब पेटली. चॅनेल आणि पेपर कोणी विकत घेतले त्याचा हिशोब त्यानं कागदपत्रं काढून लावलाय. नागिब साविरिस ह्या उद्योगपतीचा ओएन टीव्ही 2016 ला स्टीलवाल्या अबू हाशिमानं घेतला, पुढच्या वर्षी त्याच्याकडनं ईगल कॅपिटल नावाच्या कंपनीनं, जिच्यावर माजी गुंतवणूक मंत्री बाई बसलेल्या, आणि त्या ईगलच्या मागं कोण तर देशाचं जनरल इंटेलिजन्स! म्हणजे गुप्तहेर खातंच चॅनेलचं मालक. आता त्या सगळ्या गोतावळ्याचं नाव युनायटेड मीडिया सर्व्हिसेस, पेपर, न्यूज चॅनेल, रमजानच्या सिरियली, सगळं एका गल्ल्यात. दुकानं दहा, मुनीम एक.

आणि हे नुसतं कागदावर नाही हां. जून 2019 ला माजी राष्ट्राध्यक्ष मोर्सी कोर्टात कोसळून वारले तेव्हा जवळजवळ सगळ्या पेपरांत तीच चार ओळींची बातमी, शब्द न् शब्द तोच, आणि ते माजी राष्ट्राध्यक्ष होते हेच त्यात गाळलेलं. एका चॅनेलच्या निवेदिकेनं तर ती वाचता वाचता शेवटी 'सॅमसंगवरून पाठवले' हे पण वाचून टाकलं. लाइव्ह. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल.

बरं प्रॉडक्टबद्दल. लोक जुने आणि पक्के आहेत, इजिप्त इंडिपेंडंट नावाचा इंग्लिश पेपर होता तो मालकानं एप्रिल 2013 ला गुंडाळला, त्यातल्याच पोरापोरींनी 30 जून 2013 ला हे चालू केलं. संपादक लीना अतल्ला. नोव्हेंबर 2019 ला राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला मॉस्कोला पाठवणार अशी बातमी छापली, तर चार दिवसांत ऑफिसवर साध्या कपड्यातली माणसं, फोन लॅपटॉप जप्त, तिघांना घेऊन गेले आणि त्याच दिवशी सोडलं. त्या आधी एका संपादकाला घरातनं उचललेलं, त्याला हायवेवर सोडून दिलं. मे 2020 ला खुद्द लीनाबाईंना तोरा जेलच्या बाहेर एका कैद्याच्या आईची मुलाखत घेताना पकडलं, 2000 इजिप्शियन पाउंड जामीन. एवढं होऊन साइट चालू आहे ह्यालाच एक स्टार जास्त.

पण दयेपोटी वाचायची साइट नाही ही. पैशाच्या बातम्या फार चांगल्या. मार्च 2024 ला सरकारनं पाउंडचा भाव बाजारावर सोडून दिला आणि डॉलर 31 पाउंडांवरून 50 च्या घरात गेला, माझा तर पगार डॉलरमधे, मला काय फरक पडणार, पण ऑफिसमधले लोक सैरभैर. जूनमधे सबसिडीची रोटी 5 पियास्त्रांवरून (100 पियास्त्र म्हणजे एक पाउंड) 20 वर, तीस वर्षांहून जास्त काळानं पहिली वाढ. टीव्हीवर तेव्हा अर्थव्यवस्था कशी मजबूत होणार ते चाललेलं, इथं कर्ज कुणाचं, अट कुठली, भरणार कोण हे नीट समजावलेलं. आंदीलची व्यंगचित्रं पण बघा, जुनी शोधून बघा.

तक्रारी आहेतच. लेख लांब, भयंकर लांब, चहा गार होतो आणि अजून प्रस्तावनाच चालू. इंग्लिश बऱ्याचदा अरबीच्या मागनं येतं, आणि कधी कधी वाक्यं अशी की भाषांतर वास मारतं. 'नाव न छापण्याच्या अटीवर एका सूत्रानं सांगितलं' हे दर दुसऱ्या पॅराला, आता नाव छापलं तर त्या माणसाचं काय होईल हे कळतं, पण वाचणाऱ्यानं विश्वास ठेवायचा तो सगळा मदाच्या नावावरच. खेळाचं जवळजवळ काहीच नाही, अहली झमालेक ह्या फुटबॉल क्लबांच्या गावात राहून हे म्हणजे जरा अतीच.

पैसे भरून मेंबर होता येतं, मी झालोय, परत आल्यावर पण चालू ठेवलंय. तिथं राहत असाल तर न्यूजलेटर घ्या, मेलमधे येतं त्यामुळं अडवाअडवी नाही, आणि वीकेंडचं डिटॉक्स नावाचं येतं ते सिनेमा पुस्तकांचं, हलकंफुलकं, पहिलं तेच उघडा. व्हीपीएन मात्र फुकटचं घेऊ नका, माझं नेमकं रात्री बंद पडायचं. आणि 25 जानेवारीच्या, म्हणजे 2011 ची क्रांती सुरू झाली त्या तारखेच्या, आसपास डाउनटाउनला, तहरीरकडं वगैरे जायचं असेल तर व्हीपीएन, मेल, सगळं फोनमधनं काढून जा, तिथं पोलीस थांबवून फोन उघडायला लावतात. मी त्या आठवड्यात बटणाचा जुना नोकिया घेऊन फिरायचो.