‘बेवारस’, ‘ओसाड’, ‘पडीक’ शोधायला शिकागोचे ऑनलाइन कोश: उत्तम, पण जुने लेखन ठाऊक हवे

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ (1857), वझे (1911), दाते-कर्वे (1932–1950) आणि जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस (1999) हे कोश फुकट चाळता येतात. टाकलेल्या, सोडलेल्या वस्तूंचे शब्द पारखायला यांचा फार उपयोग होतो, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘बेवारस’ म्हणजे ज्याचा मालक ठाऊक नाही किंवा पुढे आलेला नाही. फारसी ‘बे’ आणि अरबी ‘वारिस’ मिळून झालेला हा शब्द मुळात वारस नसलेल्या मालमत्तेचा. मालकाने जाणूनबुजून काढलेले कपाट बेवारस नव्हे, टाकून दिलेले. माणसांनी सोडलेले गाव ओसाड. कसायची थांबलेली जमीन पडीक. महसुली नोंदींत तर ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ असा भेदही असतो. मोडकळीस आलेल्या घरात मात्र माणसे राहत असू शकतात, आणि बातम्यांत नेमकी इथेच गल्लत होते. ‘परित्यक्त’ भारदस्त वाटतो खरा, पण ‘परित्यक्ता’ हे रूप नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी रूढ आहे. ‘परित्यक्ता नौका’ वाचताना कोणीही अडखळेल. ‘सोडून दिलेली नौका’ लिहावे.

खरी अडचण शोधताना येते. मोल्सवर्थ उच्चारात नसलेले अनुस्वार काढणाऱ्या 1962 च्या लेखननियमांच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे ‘टाकणे’, ‘सोडणे’ तिथे ‘टाकणें’, ‘सोडणें’ असे आहेत. अनुस्वार द्यायचा राहिला की नेमका शब्द जुळत नाही आणि तो कोशातच नाही असा गैरसमज होतो. ‘टाकण’ एवढेच लिहून त्याने सुरू होणारे शब्द मागवा. ऱ्हस्व-दीर्घही बदलून पाहा. इंग्रजीकडून यायचे असेल तर शोध फक्त शीर्षशब्दांत न ठेवता पूर्ण मजकुरात घ्या आणि ‘फॅलो’ (पडीक), ‘डेसोलेट’ (ओसाड) असे शब्द रोमन लिपीत द्या. मोल्सवर्थच्या नोंदीतला कंसातला मोठा रोमन ‘पी’ म्हणजे फारसी, मोठा ‘ए’ अरबी. लहान ‘ए’ मात्र विशेषणाची खूण.

अर्थाच्या छटांसाठी दाते-कर्वे सरस, कारण अर्थ मराठीतून आहेत आणि वापराची उदाहरणेही मिळतात. तुळपुळे-फेल्डहाउस जुन्या ग्रंथांपुरताच उघडावा: तिथले ‘भांगार’ म्हणजे सोने, आजचे भंगार नव्हे.

‘बेवारस वाहन’, ‘बेवारस बॅग’ हे आजचे प्रयोग या कोशांत शोधू नयेत. त्यासाठी पोलिसांच्या आणि महापालिकांच्या जाहीर सूचना वाचाव्यात.