‘द जॅस्मिन थ्रोन’: सावकाश पेटणारी कादंबरी

ताशा सुरी यांची २०२१ मधील ही इंग्रजी कादंबरी मी परभणीच्या उन्हाळ्यात, दुपारी कूलरसमोर बसून वाचली. चितेवर जाण्यास नकार दिल्यामुळे सम्राट भावाने पडक्या मंदिरात कैद केलेली राजकन्या मालिनी आणि त्याच मंदिराची जुनी शक्ती अंगात दडवून वावरणारी दासी प्रिया, यांच्यातील ओढ लेखिकेने संशय, गरज आणि स्वार्थ यांतून अतिशय सावकाश फुलवली आहे. वेरूळ पाहिलेल्या वाचकाला ते दगडी मंदिर परके वाटणार नाही. निवेदक पात्रे मात्र फार झाली आहेत. दोघींचा प्रसंग रंगात येताच प्रकरण बदलते आणि दरबारी खलबते रेंगाळतात. उघड शृंगाराच्या अपेक्षेने पुस्तक उघडणाऱ्यांची निराशा होईल, मला तो संयमच भावला. माणसांच्या अंगावर पाने-फुले उगवणारा तो रोग तर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.